वाचून दाखवलं, बरोबर आहे

नोटीस माझ्या नावाची होती, पण ती आधी वाशीमच्या वकीलसाहेबांकडे गेली. आमच्या केंद्रातल्या शाळांमधले सगळे शिक्षक आपापला फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, एका पिशवीत गोळा करतात आणि ती पिशवी दरवर्षी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवतात. ते सगळ्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतात आणि सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच ईमेल, स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतात. आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही. उलट एक कटकट कमी झाली असं वाटतं. मी चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवते, पण माझ्याच पगारातून काय आणि किती कापलं जातं हे मी कधी नीट वाचलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचा फोन आला तेव्हा मधली सुट्टी होती आणि मी खिचडीच्या रांगेपाशी उभी होते.

"मॅडम, तुमी ऑनलाइन गेम खेळता का?"

मला वाटलं, दुसऱ्या कोणाला लावलेला फोन चुकून मला लागला. "कोणता गेम?"

"पत्त्याचा. पैशे लावून. तुमच्या नावानं नोटीस हाय. जिंकलेले पैशे रिटर्नमंधी दाखवले नाई म्हन्ते."

मी हसले. माझं वय चाळीसला टेकलेलं, लग्न झालेलं नाही, वाशीमजवळच्या मालेगावात वडिलांसोबत राहते, सकाळी टिफिन भरते, संध्याकाळी वह्या तपासते. पत्त्यातली राणी आणि गुलाम मला अजून चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. वकीलसाहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पंधरा दिवसांत उत्तर द्या लागते. कागद पाठवतो, वाचून घ्या."

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी त्याची प्रिंट काढली. तिथला माणूस येणारा प्रत्येक कागद वाचतो, तो त्याचा छंद आहे आणि सगळ्या गावाला माहीत आहे. एरवी तो वाचून काहीतरी टोमणा मारतो. त्या दिवशी त्याने कागद वाचला, मधोमध घडी घातली आणि न बोलता माझ्या हातात दिला. नोटीस म्हणजे काय ते मला तेव्हा जरा कळलं.

घरी आल्यावर मी ती सरळ बाबांच्या हातात दिली. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या वस्तीत कोणालाही नोटीस आली की ती बाबांच्याच हातात जाते.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. आयुष्यभर त्यांनी नोटिसा काढल्या, बजावल्या आणि त्यांची उत्तरं फायलीला लावली. कचेरी सुटल्यावर घरी येऊन त्याच नोटिशींची उत्तरं लोकांना लिहून द्यायचे. विजेचं बिल, अतिक्रमण, निराधारांची पेन्शन, जातीचा दाखला, काहीही असो. पैसे घेत नसत. कोणी वांगी ठेवून जायचं, कोणी नुसतंच हात जोडून. फुलस्केप कागद घ्यायचे, डावीकडे घडी घालून समास पाडायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात "सविनय सादर की" इथून सुरुवात करायचे. सरकारी नोकरीत असल्यामुळे स्वतःचं नाव मात्र त्या कागदावर कुठेही येऊ देत नसत. अर्ध्या तालुक्याचे अर्ज त्यांच्या अक्षरात असतील, पण त्यांची सही एकाही कागदावर सापडायची नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. लिहून झालं की ते पूर्ण कागद मोठ्याने वाचून दाखवायचे. समोरचा बी.ए. असला तरी वाचून दाखवायचे. मग कागद गुडघ्यावर ठेवून त्या माणसाच्या डोळ्यात बघत विचारायचे, "खरं हाय ना? खोटं असन तं आत्ताच सांगा. मंग कागद बोलते." तो "खरं हाय" म्हणाला की पेन त्याच्या हातात, नाहीतर शाईचा पॅड पुढे. शेवटी तळाशी बारीक अक्षरात लिहायचे, "वाचून दाखवलं, बरोबर आहे." मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं की बाहुलीचं लग्न लावतानाही बाहुलीला तेच विचारायचे.

पाण्याच्या टाकीमागे पत्त्यांचा अड्डा चालायचा, तो बंद करा म्हणून वस्तीतल्या बायकांचा अर्ज बाबांनीच लिहिला होता. खाली अंगठेच अंगठे. प्रत्येकीला त्यांनी वेगळं विचारलं होतं, खरं हाय ना. अड्डा बंदही झाला. त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यात बायका त्यांना पाहिलं की पदर सावरून बाजूला व्हायच्या. पत्त्यांचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "हातपाय धड असलेल्या मानसानं पत्ते काहून खेळावं?"

तर नोटीस त्यांनी वाचली. खाली-वर दोनदा वाचली. मी तोवर चहा टाकला. ते म्हणाले, "मुदत कधीची हाय?"

"पंधरा दिवस."

"मंग काय. नोटिशीले भ्यायचं नसते पोरी, मुदतीले भ्यायचं असते." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "कोन्या बँकेचं खातं म्हन्ते?"

"ते काई लिहिलं नाई त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघायच्या आधी उत्तर तयार होतं. समास घडी घालून पाडलेला, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. मला समोर बसवून त्यांनी ते वाचून दाखवलं. अर्जदार ही जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असून तिने असा कोणताही खेळ कधीही खेळलेला नाही. पगाराच्या खात्याखेरीज कोणतेही खाते अर्जदाराच्या वापरात नाही. सबब नोटीस रद्द करण्यात यावी, ही विनंती. वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरं हाय ना? खोटं असन तं आत्ताच सांग."

मी म्हणाले, "बाबा, मी कुठं खेळते?"

"मंग झालं," ते म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं. घाईत मी सही न करताच कागद पर्समध्ये टाकला. बस चुकली असती.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी वाशीमला गेले. वकीलसाहेबांचं ऑफिस एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे, जिना अरुंद, वर चढताना खालून पाईप ठोकल्याचा आवाज येत राहतो. त्यांनी बाबांचा कागद वाचला आणि म्हणाले, "काय अक्षर हाय! आता असं कोन लिहिते?" मग कागद बाजूला ठेवून त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तुमच्या पॅन नंबरावर वर्षभरात कुठून काय आलं, याचा एक तक्ता सरकारकडे तयारच असतो म्हणे. त्यात माझा पगार होता, बँकेचं चिल्लर व्याज होतं आणि त्याखाली एका गेमच्या कंपनीचं नाव होतं. त्या कंपनीने जिंकलेल्या रकमेवर कर कापून उरलेली रक्कम एका खात्यात टाकली होती. खातं माझ्या नावाचं, शाखा मालेगावची.

ते खातं मला आठवायला वेळ लागला. डी.एड.ला असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलं होतं. माझ्या लेखी ते केव्हाच मेलेलं होतं.

"मोबाईल कोनता जोडला हाय याले?" वकीलसाहेबांनी विचारलं आणि त्यांनीच पुढचं पान उघडलं. तिथे नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. आमच्या घरात ते दोन आकडे असलेला एकच नंबर आहे. मी डी.एड.ला होते तेव्हा घरात मोबाईलच एक होता, आणि आमच्या घरचा रिवाज असा की कागद कोणाचाही असो, नंबर बाबांचा टाकायचा. माझ्या आधारला तोच, आईच्या रेशनकार्डाला तोच, गॅसलाही तोच. बाबांपाशी असलं म्हणजे हरवत नाही.

"कोनाचा हाय?"

"घरचाच आहे."

"घरचाच म्हंजे?"

"घरचाच," मी म्हणाले.

त्यांनी जास्त खोदलं नाही. म्हणाले, "मॅडम, तुमची काई पयली केस नाई. कोनाचा नवरा असते, कोनाचा भाऊ असते, कोनाचं पोरगं बारावीत असते." बाप त्यांच्या यादीत नव्हता.

मग त्यांनी मला स्क्रीनवर एक यादी दाखवली. त्या रकमेबद्दल मला काय म्हणायचं आहे, ते निवडायचं होतं. माहिती बरोबर आहे, माहिती पूर्ण बरोबर नाही, माहिती दुसऱ्याच्या पॅनची आहे, अशी चार-पाच वाक्यं एकाखाली एक. "नुसतं 'मी नाई खेळली' म्हनून भागत नाई," ते म्हणाले. "खातं तुमचं, पॅन तुमचं. एक तं माझंच हाय म्हना, राहिलेलं भरा, सुटा. बराचसा टॅक्स कंपनीनं कापलाच हाय, वरचं व्याज-बिज एखाद्या पगारात निघून जाईन. नाई तं दुसऱ्याचं हाय म्हना. मंग त्याचा पॅन नंबर इथं टाका लागते आन् मंग त्याले नोटीस जाते, की बाबा तू दुसऱ्याच्या नावानं काहून खेळला."

बाबांचा पॅन नंबर मला तोंडपाठ आहे. दर नोव्हेंबरात त्यांचा हयातीचा दाखला मीच भरते.

"दुसऱ्या एका गेमात हरले असतील तर?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"हरलेलं कोनी नाई पाहात. जिंकलेलंच तेवढं दिसते," वकीलसाहेब म्हणाले. "काय ते मले लेखी द्या. तुमच्या सहीनं. उद्या तुमी म्हनसान, मी असं सांगितलंच नव्हतं."

परतीच्या गाडीत मी कंडक्टरला तिकिटाचे पैसे दोनदा दिले. त्यानेच परत केले आणि म्हणाला, "तब्येत बरी हाय ना ताई?" मी म्हणाले, बरी आहे. खरंच तसं काही होत नव्हतं. दात काढायला सुई देतात तेव्हा गाल आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. बाहेर सोयाबीन कापलेली रानं जात होती. मला राग यायला पाहिजे होता. मी त्याची वाट बघत होते, पण तो काही आला नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा विहारात गेले होते. आमच्या घरात लोखंडी कपाटात कागदपत्रांची एक फाईल आहे, लाल नाडीने बांधलेली, अगदी कचेरीसारखी. पहिल्या पानावर बाबांनी अनुक्रमणिका लावली आहे. घरातला कोणताही कागद बाहेर काढला की त्यापुढे "काढले" असं लिहायचं, तारीख टाकायची, आणि परत ठेवला की "ठेवले". कारकुनाची सवय, आई होती तेव्हा आम्ही यावरून त्यांना खूप चिडवायचो. मी नाडी सोडली. माझ्या नावाच्या ओळीवर पॅन कार्ड आणि जुनं पासबुक होतं. त्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, काढले. खाली दीड-दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि तारखेशेजारी त्यांची छोटी सही. पॅन कार्डापुढे नंतर "ठेवले" होतं. पासबुकापुढे नव्हतं.

म्हणजे चोरीची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली होती, सही-तारखेसकट. दुसरा कोणी असता तर गुपचूप काढून गुपचूप ठेवलं असतं. आमच्या बाबांना ते जमायचं नाही. नोंद केल्याशिवाय त्यांना कागदाला हात लावता येत नाही.

मी नाडी बांधली, गाठ त्यांच्यासारखीच घातली आणि कणीक मळायला घेतली. मळता मळता मला त्यांनी लिहिलेलं उत्तर आठवलं. अर्जदाराने खेळ खेळलेला नाही. खाते अर्जदाराच्या वापरात नाही. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. इतकं काळजीपूर्वक लिहिलं होतं त्यांनी. आणि हे सगळं लिहिल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, खरं हाय ना. पैशाचं मला काही वाटलं नाही. पॅन कार्डाचंही नाही. त्या विचारण्याचं मात्र वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते अजूनही गेलेलं नाही.

कधी खेळले असतील याचा हिशेब मी शाळेत बसून लावायचे. आई गेल्यावर दुपारी ते घरात एकटेच. लोकांचे अर्जही कमी झाले, आता सगळं सेतू केंद्रावर नाहीतर मोबाईलवर होतं, हाताच्या अक्षराची कोणाला गरज नाही. ते कानात वायर घालून मोबाईलवर बोट फिरवत बसायचे, मला वाटायचं प्रवचन ऐकतात. मध्ये काही महिने चिडचिड करायचे, तेव्हा मी त्यांची साखर तपासून आणली होती. आता तसे खेळ सरकारने कायद्याने बंद केलेत, आणि ज्या सुमारास बंद झाले त्या सुमारास बाबांनी परत सकाळी फिरायला जायला सुरुवात केली, तेही मला आत्ता जुळलं. स्वतःच्या पेन्शनच्या खात्याला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. पेन्शनला डाग नको. तेवढी अक्कल शाबूत होती.

यावर कोणी म्हणेल, सरळ विचारायचं होतं. घरात माणसं दोन. जेवायला समोरासमोर बसतो. पण मी विचारलं नाही. हट्ट म्हणा. मला वाटत होतं, त्यांनी सांगावं. आयुष्यभर लोकांना आत्ताच सांगा म्हणत आले, आता एकदा त्यांनीही सांगावं. तेवढंच हवं होतं मला. कर मी भरला असता, सही मी केली असती, वर चहाही करून दिला असता.

ते रोज संध्याकाळी विचारायचे, "उत्तर गेलं का?"

"जाते आहे."

"मुदत पाहाय. मुदत गेल्यावर काई उपेग नाई."

एवढं म्हणून बातम्या लावायचे. एकदा ते जेवताना म्हणाले, "पोरी," आणि थांबले. मी हातातला घास तसाच धरला. ते म्हणाले, "वरनात मीठ कमी हाय जरा."

मी मीठ वाढलं.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा रविवार होता. सकाळी आंघोळ झाल्यावर मी फुलस्केप कागद घेतला, घडी घालून समास पाडला आणि स्वतःच उत्तर लिहिलं. माझं अक्षर बाबांसारखं नाही, शाळेच्या फळ्यावरचं आहे, मोठं आणि गोल. मी लिहिलं की सदर खाते माझे आहे, सदर खेळ मी स्वतः खेळले असून त्यातील उत्पन्न नजरचुकीने दाखवायचे राहिले, राहिलेला कर भरण्यास मी तयार आहे. मग ओसरीत खुर्चीवर बसलेल्या बाबांसमोर जाऊन कागद धरला.

"काय हाय?"

"उत्तर. वकीलसाहेबांनी असं द्या लागते म्हनलं. तुमी वाचून दाखवा, मंग मी सही करते."

मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. ते वाचतील, आणि नियमाप्रमाणे विचारतील, खरं हाय ना. तेव्हा मी म्हणणार होते, नाही बाबा, खोटं आहे. एवढंच. पुढचं मग त्यांच्यावर. तीस-चाळीस वर्षांत हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कोणाच्या हातात पेन दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या एका प्रश्नावर मी सगळं लावलं होतं. जुगार म्हणायचा तर तो तेवढा मी खेळले.

बाबांनी चष्मा घातला आणि वाचायला लागले. आवाज नेहमीचाच, कचेरीतला, प्रत्येक शब्द सुटा. सदर खाते माझे आहे. सदर खेळ मी स्वतः खेळले असून. तिथे आवाज जरा बसला, पण अडला नाही. कर भरण्यास मी तयार आहे. कळावे. वाचून झालं. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

शेजारच्या घरी कोणीतरी कुकर लावला होता, त्याची एक शिट्टी झाली. मी त्यांच्याकडे बघत होते. ते कागदाकडे बघत होते. दुसरी शिट्टी झाली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

"सहीच्या खाली तारीख टाकजो," ते म्हणाले.

मी सही केली. तारीख टाकली. तळाशी "वाचून दाखवलं, बरोबर आहे" असं त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. मी तिथेच उभी होते. रडू येईल असं वाटलं होतं, पण तेही आलं नाही. मी आत जाऊन भाजी निवडायला बसले.

सोमवारी वकीलसाहेबांनी माझ्यासमोर त्या यादीतलं पहिलं वाक्य निवडलं. माहिती बरोबर आहे. राहिलेलं भरलं, एक पगार आणि वर थोडं गेलं. "सुटल्या तुमी," ते म्हणाले. सरकारच्या दप्तरात मी आता पत्ते खेळणारी बाई आहे. शाळेत, गावात कोणाला माहीत नाही, झेरॉक्सवाला सोडून, आणि आश्चर्य म्हणजे त्याने ते कोणाला सांगितलेलं दिसत नाही.

घरी सगळं पूर्वीसारखं चालू झालं. काही दिवसांनी मी कपाट उघडलं तेव्हा माझं पासबुक फाईलमध्ये परत आलेलं होतं. अनुक्रमणिकेत त्यापुढे "ठेवले" होतं, तारीख होती, छोटी सही होती. त्याखेरीज आमच्यात यावर एक शब्दही झालेला नाही.

मग एका रविवारी पलीकडच्या गल्लीतल्या मावशी आल्या. वय झालेलं, विधवा बाई, सगळी वस्ती त्यांना मावशीच म्हणते. त्यांची निराधारची पेन्शन थांबली होती आणि हातात तहसीलचा कागद होता, उत्पन्न किती ते कळवा म्हणून. सेतूवर गेल्या होत्या, तिथल्याने मशीन बंद आहे म्हणून हाकललं. मी दारात बसून मेथी निवडत होते.

बाबांनी समास पाडला. सविनय सादर की. अक्षर अजून तसंच आहे. लिहून झाल्यावर त्यांनी मावशींना वाचून दाखवलं. शेती नाही, मुलगा वेगळा राहतो, इतर उत्पन्न काही नाही. वाचून झालं तसा त्यांनी शाईचा पॅड उघडून पुढे सरकवला.

मावशींनी अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. "बाबूजी, आज इचारलं नाई तुमी."

"काय?"

"खरं हाय का म्हनून. दरखेपी इचारता."

"तुमचं खरंच असन मावशी. लावा अंगठा."

"नाई, नाई," मावशी म्हणाल्या. "इचारल्याबिगर कागद पक्का होत नाई. मागं तुमीच मले सांगितलं व्हतं. इचारा."

त्या हसत होत्या. त्यांना काय माहीत. बाबांनी कागद उचलला, परत गुडघ्यावर ठेवला. मग पहिल्यांदाच, मी त्या उत्तरावर सही केल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं.

"तू इचार तिले," ते म्हणाले.

मी मेथीची पाटी बाजूला ठेवली, हात पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कागद त्यांनी माझ्याकडे दिला. मी तो गुडघ्यावर ठेवला आणि लहानपणापासून ऐकलं होतं तसंच, सगळं, एकही शब्द न गाळता विचारलं.

"खरं हाय ना? खोटं असन तं आत्ताच सांगा."

मी मावशींकडे बघूनच विचारलं होतं. उत्तर मावशींनीच दिलं.